जहाज बंदरात, मुक्काम शहरात
क्रूझमधील रात्रमुक्कामी सहलीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

आशियातल्या लांबच्या क्रूझवर काही बंदरांत जहाज सकाळी येऊन संध्याकाळी निघत नाही, तर एक किंवा दोन रात्री थांबते. अशा वेळी प्रवाशांना मार्गदर्शकासह शहरात नेऊन तिथल्याच हॉटेलात मुक्काम करवणारी आणि दुसऱ्या दिवशी जहाजावर परत आणणारी सहल मिळते. याचाच दुसरा प्रकार म्हणजे एका बंदरात उतरून रस्त्याने किंवा विमानाने देश पाहायचा आणि पुढच्या बंदरात जहाज गाठायचे. मुंबईत उतरून आग्रा पाहणारे आणि कोचीत जहाजावर चढणारे परदेशी प्रवासी असतात. पेण-रोह्याकडची निवृत्त मंडळी आता सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर जाऊ लागली आहेत. त्यांच्या मनातले काही समज मात्र खर्चात पाडणारे आहेत.

गैरसमज: कार्यक्रमपत्रिकेत बँकॉक लिहिले आहे, म्हणजे जहाज बँकॉकला लागणार

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि रात्रमुक्कामी सहलीची गरज मुळात त्याच्याच पोटी निर्माण होते. मोठ्या जहाजाला खोल पाणी, लांब धक्का आणि वळायला जागा लागते. नदीकाठच्या जुन्या शहरांकडे हे तिन्ही एकत्र क्वचितच असते. त्यामुळे बँकॉकसाठी जहाज लागते ते लाएम चाबांगला, म्हणजे शहरापासून सुमारे 120 ते 130 किलोमीटरवर. हो ची मिन्ह सिटीसाठी बहुतेक मोठी जहाजे फू मी येथे थांबतात आणि तिथून शहर सुमारे 70 किलोमीटर राहते. बीजिंगसाठीचे बंदर तियानजिनचे, दीडशे किलोमीटरहून दूर. क्वालालंपूरसाठी पोर्ट क्लांग, ते त्या मानाने जवळ.

रायगडच्या वाचकाला हे धरमतरच्या खाडीवरून चटकन कळेल. मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याला धरमतरच्या धक्क्यावर उतरवून ‘आली मुंबई’ असे सांगावे, तसाच हा प्रकार आहे. अंतर खोटे नसते, पत्रिकेत ते बारीक अक्षरांत असते. जाऊन-येऊन चार-पाच तास बसमध्ये गेले, तर एका दिवसात बँकॉकचा राजवाडा आणि एखादे मंदिर एवढेच पदरात पडते. शहरात रात्र काढली तर संध्याकाळचा बाजार, नदीवरची फेरी आणि उन्हाआधीची सकाळ हाती लागते. म्हणून लांबच्या बंदरात मुक्कामी सहलीचे पैसे वसूल होतात. सिंगापूरचे मरीना बे टर्मिनल किंवा हाँगकाँगचे काई ताक शहरातच आहे. तिथे हॉटेलासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण रात्री उशिरा फिरून जहाजावर झोपायला येता येते. मुंबईचे बॅलार्ड पिअर याच जातीचे आहे. तिथून गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत.

गैरसमज: जहाजभाड्यात सगळे आले

बहुतेक कंपन्यांच्या भाड्यात केबिन, जेवण आणि जहाजावरचे कार्यक्रम असतात, किनाऱ्यावरची सहल वेगळी विकली जाते. मुक्कामी सहलीत हॉटेल, बस, मार्गदर्शक आणि ठरलेली जेवणे धरलेली असतात. त्या रात्री रिकाम्या राहिलेल्या केबिनचे पैसे मात्र परत मिळत नाहीत, म्हणजे एका रात्रीचे भाडे दोनदा पडते. शाकाहारी जेवण, मधुमेहाचे पथ्य, गुडघेदुखी या गोष्टी नोंदणीच्या वेळीच लेखी कळवाव्या लागतात, कारण जहाजावरच्या स्वयंपाकघराला दिलेली सूचना शहरातल्या हॉटेलापर्यंत आपोआप जात नाही. औषधे दोन दिवसांची नव्हे, चार दिवसांची बरोबर ठेवावीत. मोठी बॅग केबिनमध्येच राहते आणि जहाज गाठायचे चुकले तर हातातल्या पिशवीवरच भागवावे लागते.

गैरसमज: प्रवासी आला नाही तर जहाज थांबते

धक्क्याचे भाडे, बंदरातल्या वाटाड्याची (पायलटची) वेळ आणि भरती-ओहोटी यांना जहाज बांधलेले असते. कंपनीने स्वतः विकलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज शक्य तेवढे थांबते, किंवा कंपनी त्या प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोचवते. बाहेरच्या दलालाकडून स्वस्तात घेतलेल्या सहलीला ही हमी नसते. अशा प्रवाशाने जहाज चुकवले तर पुढच्या बंदरापर्यंतचे विमान, व्हिसा आणि मुक्काम त्याच्याच खिशातून. पासपोर्ट जहाजाच्या ताब्यात असेल, तर तो सहसा बंदरावरच्या एजंटाकडे सोपवून जहाज निघते. मुक्कामी सहल कंपनीकडूनच घ्यावी, हा सल्ला यामुळेच दिला जातो आणि तो योग्य आहे.

घड्याळाचाही घोळ होतो. थायलंड आणि व्हिएतनाम भारताच्या दीड तास पुढे, तर सिंगापूर अडीच तास पुढे. जहाज काही वेळा आपली ‘जहाजाची वेळ’ तशीच ठेवते. फोन मात्र किनाऱ्यावर उतरताच स्थानिक वेळ धरतो. परतीची वेळ कोणत्या घड्याळाची, हे उतरतानाच विचारून घ्यावे.

गैरसमज: जहाजाच्या प्रवाशाला व्हिसा लागत नाही

काही देश क्रूझच्या प्रवाशांना दिवसभर उतरण्याची सवलत देतात, पण रात्री किनाऱ्यावर राहणे ही वेगळी बाब ठरू शकते. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंड करून परत सिंगापूरला आले की तो दुसरा प्रवेश होतो. व्हिसा किती प्रवेशांचा आहे, हे म्हणून आधी पाहावे लागते. उलट दिशेलाही हाच नियम आहे. मुंबई, मग कोलंबो आणि मग कोची असा मार्ग असेल तर परदेशी पाहुणा भारतात दोनदा प्रवेश करतो.

मुक्कामाच्या रात्री पासपोर्टाची छायाप्रत पुरेल की मूळ लागेल, हेही आदल्या दिवशी जहाजाच्या स्वागतकक्षात विचारावे. भारतात परदेशी पाहुण्याला मुक्कामी ठेवणाऱ्याने 24 तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेकडे ऑनलाइन करायची असते. हा नियम केवळ हॉटेलांना नाही, घरी उतरवून घेणाऱ्यालाही लागू आहे.

गैरसमज: अपघात झाला तर जहाजकंपनी पाहील

समुद्रप्रवाशांच्या नुकसानभरपाईविषयीचा 1974 चा अथेन्स करार जहाजावरच्या आणि चढता-उतरतानाच्या काळापुरता आहे, शहरातल्या भटकंतीला तो लागू होत नाही. शिवाय सहल कंपनीने विकली तरी बस आणि मार्गदर्शक बहुधा स्थानिक व्यावसायिकाचे असतात. तिकिटाच्या अटींत कंपनी स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणवते. जमिनीवरचा मुक्काम आणि चुकलेले जहाज या दोन्ही गोष्टी ज्यात स्पष्ट लिहिल्या आहेत, तोच प्रवासविमा घ्यावा.

गैरसमज: मुंबईतून मुक्कामाला जाण्यासारखे जवळ काही नाही

परदेशी पाहुण्यांना येथे घारापुरी दाखवतात, पण ती सोमवारी बंद असते. वेरूळ-अजिंठ्यासाठी विमानाने छत्रपती संभाजीनगर गाठून एक रात्र काढावी लागते. तिथे वार हाच खरा मार्गदर्शक आहे, कारण अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम लावला तर दोन्ही होतात. उलट लावला तर एकही होत नाही. जहाजाच्या पत्रिकेत वार नसतो, तारीख असते, म्हणून हे घरीच ताडून पाहावे.

याहून जवळचा पर्याय रायगडात आहे आणि त्याकडे अजून फारसे कोणी वळलेले नाही. शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झाले. 21.8 किलोमीटरच्या या पुलाने मुंबई बंदर आणि पेण यांतला वळसा कमी केला आहे. वाटेत हमरापूर परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. तिथे भाद्रपदापुरते नव्हे, वर्षभर हात चालू असतात. पेण तालुक्यातल्याच गागोदे बुद्रुकला 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजे विनोबा, जन्मले. 1940 मध्ये गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांना निवडले आणि 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात झाली. मुंबईत गांधीजींचे मणिभवन पाहणाऱ्या परदेशी माणसाला गांधीविचाराची पुढची पायरी या गावी दिसू शकते.

मुंबईच्या धक्क्यापासून गागोद्याचे अंतर लाएम चाबांगहून बँकॉकच्या अंतरापेक्षा कमी आहे.