निगडीच्या झाडामागचे रान

आमच्या घरी हुमच्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजपुत्र जिनदत्तराय उत्तरेतील मथुरेहून जीव वाचवून घोड्यावरून निघतो. सोबत पद्मावतीमातेची मूर्ती असते. दक्षिणेच्या दाट रानात थकून तो एका झाडाखाली निजतो आणि देवी स्वप्नात येऊन सांगते, येथेच राज्य उभार. ते झाड लक्कीचे. कन्नडमधील लक्की म्हणजे आपली निगडी, कोणी तिला निर्गुडी म्हणतात. माझी आई ही गोष्ट सांगताना परसातल्या निगडीकडे बोट दाखवी. तिचा पाला बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात आणि धान्याच्या कणगीत जाई. मात्र झाडाला कोयता लावू देत नसे.

आई गेल्यानंतर जुना वाडा पाडून आम्ही घर बांधले. मोटार उभी करायला जागा हवी म्हणून ती निगडी मी तोडवली. बँकेत तारण जमिनींची मोजमापे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात काही वावगे वाटले नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या आठ वर्षांच्या नातीने हीच गोष्ट ऐकून विचारले, “आज्जा, ते रान खरं आहे का?” शाळेत तिने वर्षावनांवर प्रकल्प केला होता. त्यात अ‍ॅमेझॉन होते, काँगोचे खोरे होते. आपल्या सह्याद्रीसाठी एक ओळ होती. मी हुमचा, कारकळ, मूडबिद्री ही यात्रा तीनदा केलेली. कारकळच्या बाहुबलींची उंची ४२ फूट, प्रतिष्ठा इ. स. १४३२, हे मला तोंडपाठ. पण एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री जाताना वाटेत काय लागते, ते सांगता येईना. यात्रेच्या बसला पडदे असत आणि घाट आम्ही प्रत्येक वेळी रात्री झोपेत उतरलो होतो.

म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे आणि नात असे सांगलीहून गाडी करून निघालो. अट नातीची : दिवसाच जायचे.

हुमच्यात, म्हणजे होंबुजात, सांतर राजवटीतील अकराव्या शतकातली पंचकूट बस्ती आहे. तिच्या दगडी कामाविषयी मी बोलत राहिलो. नात मात्र पद्मावतीच्या देवळामागे लक्कीच्या झाडापाशी गेली. खाली पडलेले एक पान तिने चुरडून हुंगले आणि म्हणाली, “हा तर आजीच्या गुडघ्यांच्या तेलाचा वास!” पत्नीने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही.

तीर्थहळ्ळीला तुंगा नदी ओलांडली. हीच पुढे भद्रेला मिळून तुंगभद्रा होते आणि आंध्र-तेलंगणाच्या सीमेवर आपल्या कृष्णेला भेटते. सांगलीच्या घाटावरचे पाणी आणि या रानातले पाणी शेवटी एक होते, हे कळल्यावर नातीने पुलावर गाडी थांबवायला लावली.

आगुंब्याच्या अलीकडे कुंदाद्री आहे. प्रचंड काळ्या खडकाच्या माथ्यावर पार्श्वनाथांची बस्ती, शेजारी खडकातच साठलेली दोन तळी, आणि भोवती नजर पोहोचेल तिथवर अखंड हिरवे रान. समयसारकर्ते आचार्य कुंदकुंद यांनी येथे तप केले, अशी परंपरा आहे. पार्श्वनाथांच्या मस्तकावरील फणांचे छत्र पाहून नातीचा प्रश्न, “तो नाग या रानातला होता का?” मला हसू आले, पण प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. आगुंबे नागराजासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या अभ्यासासाठी रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये तेथे वर्षावन संशोधन केंद्र सुरू केले. नागराजाची मादी अंगाच्या वेटोळ्याने पालापाचोळा ओढून घरटे रचते. अशी रीत दुसऱ्या सापांत नाही. अंड्यांची राखण करून पिले बाहेर पडण्याआधी ती निघून जाते.

आगुंब्यात वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागात त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही खात्री नसते. गावातील एका जाणत्या गृहस्थांबरोबर आम्ही रानवाटेवर गेलो. वर उंच झाडांचे छत, त्याखाली मध्यम झाडांचा थर, त्याखाली वेत आणि नेचे. जमिनीवर पोहोचतो तो उजेड हिरवाच. खोडांना दगडावरचे शेवाळ आणि आमरीची झुडपे लगडलेली. एका झाडाची मुळे भिंतींसारखी उभी होती. त्यांच्या कोपऱ्यात नात पूर्ण मावली आणि बराच वेळ बाहेर येईना.

बाहेर आली ती पायाला जळू घेऊन. पत्नी घाबरली. वाटाड्याने कमरेची मिठाची पुडी काढली. तिथे प्रत्येकाजवळ ती असते. मीठ पडले की जळू आक्रसून गळते आणि बहुधा मरते. नातीने पाय मागे घेतला. “मीठ नको. तिला किती वेळ लागतो?” पोट भरले की आपणच सुटते, अर्धा-पाऊण तास लागेल, असे त्यांनी सांगितले. “मग थांबू या.”

बस्तीत बसून प्रतिक्रमण करताना वनस्पतिकाय, त्रसकाय हे शब्द मी वर्षानुवर्षे उच्चारले आहेत. त्या दिवशी एका ओल्या दगडावर बसून दोन इंद्रियांच्या एका जीवाचे जेवण संपण्याची वाट पाहिली. मन शांत होते असे म्हणणार नाही. दोनदा माझाच हात पुडीकडे गेला, पत्नीने माझी समजूत घातली. सुमारे चाळीस मिनिटांनी ती काळी गोळी पाचोळ्यात पडली. जखम मात्र तासभर वाहत होती. जळूच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही. त्या गडबडीत सूर्यास्तापूर्वीचे जेवण राहिले. आम्ही तिघेही उपाशी झोपलो आणि नातीने त्याची तक्रार केली नाही, याचे मला अजून नवल वाटते.

दुसऱ्या दिवशी उजेडात आगुंबे घाट उतरलो. वरंगच्या तळ्यातील बस्तीत होडीने गेलो. मूडबिद्रीत धवला ग्रंथाच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. त्यावरून सिद्ध झालेल्या पाठाचा पहिला खंड डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून छापला गेला. हे मी अभिमानाने सांगत होतो. नातीने विचारले, “ती पानं कुठल्या झाडाची?” दक्षिणेत अशा ग्रंथांसाठी श्रीताड वापरत. तो तीस ते ऐंशी वर्षे वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे पिकली की मरतो. ही माहिती मी तिथेच विचारून घेतली. इतकी वर्षे ग्रंथांना हात जोडले, झाडाची चौकशी कधी केली नव्हती.

सांगलीला परतल्यावर तिने यात्रेचा नकाशा काढला. बस्त्या छोट्या ठिपक्यांएवढ्या, बाकी सारा कागद हिरवा. वरच्या कोपऱ्यात आमचे घर आणि त्यासमोर एक झाड. ते झाड आता तिथे नाही, असे मी तिला सांगितले.

“माहीत आहे. आजीनं सांगितलंय,” ती म्हणाली आणि त्याची पाने रंगवत राहिली.