मिळकतकराच्या देयकातील चाळीस टक्के

पुणे महापालिकेचे मिळकतकराचे देयक हाती पडले, की बहुतेकांची नजर थेट तळाच्या एकूण रकमेवर जाते. रक्कम गेल्या वर्षीएवढीच असेल तर कागद फायलीत जातो. वाढली असेल तर महापालिकेच्या नावाने बोटे मोडली जातात. वास्तविक देयकातील कळीचा आकडा तळाशी नसतोच. तो असतो वरच्या भागात आणि त्याचे नाव ‘वार्षिक करयोग्य मूल्य’. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, जलनिःसारण कर, वृक्ष कर, शिक्षण उपकर अशी जी लांबलचक यादी पुढे दिसते, ती याच एका आकड्यावर बेतलेली असते. हा आकडा चुकला, की यादीतील प्रत्येक ओळ चुकते.

हे मूल्य ठरते भाड्यावरून. मात्र प्रत्यक्ष मिळणाऱ्या नव्हे, तर अपेक्षित भाड्यावरून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार एखादे घर भाड्याने दिल्यास वर्षभरात वाजवीपणे किती रक्कम येऊ शकेल, याचा अंदाज बांधला जातो. त्यासाठी विभाग, बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ पाहिले जाते. या रकमेतून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले, की करयोग्य मूल्य हाती येते. जुन्या इमारतींचे मूल्य पूर्वीच्या दराने ठरलेले असल्याने एकाच रस्त्यावरील दोन सारख्या सदनिकांच्या देयकांत मोठी तफावत आढळते. नव्या घरात राहायला आलेल्याला ती अन्यायाची वाटते, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही.

पुण्याने या हिशेबात 1970 मध्ये एक वेगळी वाट चोखाळली. मालक स्वतः राहत असलेल्या घराला करयोग्य मूल्यात 40 टक्के सवलत द्यावी आणि दुरुस्तीची वजावट 10 ऐवजी 15 टक्के धरावी, असा ठराव महापालिकेने केला. घर भाड्याने देऊन उत्पन्न घेणारा आणि त्यात स्वतः राहणारा यांना एकाच मापाने मोजू नये, हा त्यामागील विचार होता. जवळपास पाच दशके ही पद्धत चालली. पुढे लेखापरीक्षणात कायदेशीर आधाराचा आक्षेप निघाला आणि 2019 मध्ये राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला. नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना सवलतीविना देयके येऊ लागली. नागरिकांत असंतोष वाढल्यानंतर 2023 मध्ये राज्य सरकारने 40 टक्के सवलत पुन्हा लागू केली. दुरुस्तीची वजावट मात्र 10 टक्क्यांवर आणली.

येथे अंकगणित समजून घेणे अगत्याचे आहे. समजा, एखाद्या घराचे वार्षिक अपेक्षित भाडे 20 हजार रुपये ठरले. दहा टक्के वजा जाता 18 हजार उरतात. त्यावर 40 टक्के सवलत मिळाली, तर करयोग्य मूल्य 10 हजार 800 रुपये होते. सवलत नसेल, तर ते 18 हजारच राहते. म्हणजे 40 टक्क्यांची सवलत गेल्याने मूल्य 40 नव्हे, तर जवळपास 67 टक्क्यांनी वाढते. पूर्वीची 15 टक्क्यांची वजावट धरली असती, तर हाच आकडा 10 हजार 200 रुपये आला असता. सवलत परत मिळूनही अनेकांचे देयक पूर्वीएवढे का झाले नाही, याचे उत्तर या फरकात आहे.

सवलत परत आली. पण ती सर्वांच्या देयकात आपोआप उतरली नाही. 1 एप्रिल 2019 नंतर आकारणी झालेल्या किंवा मधल्या काळात सवलत काढून घेतलेल्या मिळकतधारकांना ‘पीटी-3’ नावाचा अर्ज भरावा लागला. घरात मालक स्वतः राहतो, हे दाखवणारे सोसायटीचे पत्र, ओळखीचा व वास्तव्याचा पुरावा, शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या देयकाची प्रत अशी कागदपत्रे सोबत द्यायची आणि पेठ निरीक्षकाने पडताळणी करायची, अशी ही रीत. दरम्यान जादा भरलेली रक्कम पुढील देयकांतून वळती करण्याचे ठरले. ज्यांना अर्जाचा पत्ताच नव्हता, असे लोक निमूटपणे पूर्ण कर भरत राहिले. सवलत देताना सरकारने गाजावाजा केला. अर्जाची अट मात्र देयकाच्या बारीक अक्षरांत आणि वृत्तपत्रांतील आवाहनांत राहिली. वृद्ध दांपत्ये आणि परगावी नोकरी करणारे मालक यांना तिचा फटका अधिक बसणार, हे उघड होते.

महापालिकेची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. पुण्यात 2013 मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये त्यातूनही बहुतेक व्यापारी वगळले गेले आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. हातचे मोठे साधन गेल्यावर मिळकतकराचे महत्त्व वाढले, आणि सवलतींकडे पाहण्याची दृष्टीही बदलली.

मुंबईचा हिशेब निराळा आहे. तेथे 2010 पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर आकारला जातो. भूखंडावर भविष्यात होऊ शकणारे बांधकाम गृहीत धरून मूल्य काढण्याचे नियम मात्र सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये अमान्य ठरवले. तेथे पाण्याचे मीटरनुसार देयक सोसायटीच्या नावे येते आणि रहिवाशाला ते मासिक वर्गणीतच भेटते. पुण्यात निवासी पाणीपट्टी परंपरेने मिळकतकराच्या देयकातच आली; त्यामुळे ती किती पाणी वापरले यापेक्षा घराचे मूल्य किती यावर ठरत आली.

नव्या किंवा वाढीव आकारणीची नोटीस आली, तर हरकत तिच्यात दिलेल्या मुदतीतच नोंदवावी लागते. त्यानंतर न्यायालयात अपील करता येते. पण त्यासाठी वादातील कर आधी भरावा लागतो. वेळेत भरणाऱ्याला मिळणारी 5 किंवा 10 टक्के सूट केवळ सर्वसाधारण करावर असते, संपूर्ण देयकावर नव्हे. थकबाकीवर मात्र दरमहा 2 टक्के शास्ती चढते. शिवाय मिळकतकराचा बोजा मालकावर नव्हे, तर मिळकतीवर असतो. जुने घर घेताना आधीच्या मालकाची थकबाकी पाहिली नाही, तर ती नव्या मालकाच्या गळ्यात पडते. आणि आधीच्या मालकाच्या नावे असलेली 40 टक्क्यांची सवलत नव्या नावावर चालू राहिली आहे की नाही, हेही खरेदीनंतरच्या पहिल्या देयकात करयोग्य मूल्याच्या रकान्यावरूनच कळते.