बंद शटरच्या आत कोण?

कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती. 2 ऑगस्ट 2021 ला राज्य सरकारचा नवा आदेश आला. जालन्यात दुकानं रात्री 8 पर्यंत, बीडमध्ये मात्र दुपारी 4 पर्यंतच! म्हणजे वडीगोद्रीहून निघून शहागडचा पूल ओलांडला की नियम वेगळा. गेवराईच्या दुकानदाराचं डोकं तापणारच ना?

निर्बंध कायम राहिलेल्या 11 जिल्ह्यांत पुणंही होतं. तिथल्या व्यापाऱ्यांनी सरळ जाहीर केलं, 7 पर्यंत दुकानं उघडी ठेवणार. काही दिवसांतच सरकारनं 8 पर्यंत मुभा दिली. भाडं, हप्ते कुणासाठी थांबत नाहीत, आणि त्यांनी जे केलं ते उघड केलं.

मला खटकतं ते एप्रिल-मे मधलं अर्धं शटर. बाहेरून बंद, आत गिऱ्हाइकं. पोलिस येतील म्हणून शटर खाली, म्हणजे हवाही नाही. मालक फार तर दंड भरेल. काउंटरमागे दिवसभर उभा असतो तो आपल्याच वयाचा पोरगा. ‘नाही येत’ म्हटलं तर काम जाणार, आणि आलाच तर संध्याकाळी घरी आजी आहे. दुकान उघडायचं ठरवताना त्याला कुणी विचारलं होतं?