चित्रातला उजेड, घरातला उजेड

शहराबाहेर पडणाऱ्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर, अजून न बांधलेल्या घरांची चित्रे उभी असतात. कोवळे ऊन, बाल्कनीत चहाचा कप, पलीकडे हिरवी टेकडी. पाहणाऱ्याला ते छायाचित्र वाटते. पण कॅमेऱ्यासमोर काहीच नव्हते. अशी चित्रे मी व्यवसायात करतो आणि विद्यार्थ्यांना शिकवतोही. त्यांच्या भरवशावर लोक वीस-वीस वर्षांचे कर्ज काढतात. म्हणून ती कशी तयार होतात आणि त्यांत खरे किती असते, हे नीट समजून घ्यायला हवे.

पहिली पायरी मॉडेलची. मी ड्रॉइंग बोर्डावर, टी-स्क्वेअर धरून शिकलो. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडने पुढे त्या बोर्डाची जागा घेतली, तरी काम मुख्यतः रेषांचेच राहिले. २००० साली आलेल्या स्केचअपमध्ये जमिनीवरचा आयत माउसने वर ओढला की खोली उभी राहते. कल्पना पटकन तपासायला ते उत्तम; मात्र तिथली भिंत म्हणजे नुसते पृष्ठभाग. त्याच वर्षी आलेल्या रेव्हिटमध्ये भिंत ही भिंत असते. तिला जाडी असते, विटा आणि गिलाव्याचे थर असतात. एक खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन सगळे आपोआप बदलते. २००२ साली लोकवर्गणीतून सर्वांसाठी खुले झालेले ब्लेंडर हे मुळात चित्रपट आणि शिल्पकामाच्या अंगाने जाणारे. मंगलोरी कौल किंवा वाड्याचा कोरीव खांब करावा तर त्यातच. तीन सॉफ्टवेअर म्हणजे घराकडे पाहण्याच्या तीन सवयी आहेत. पहिले आकार विचारते, दुसरे बांधणी, तिसरे पृष्ठभागाचा पोत.

दुसरी पायरी उजेडाची. तिलाच रेंडरिंग म्हणतात. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधकांनी एका साध्या पेटीचे चित्र संगणकाकडून काढून घेतले. एका भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर कसा उतरतो, हे त्यात गणिताने दाखवले होते. त्याच विद्यापीठातील १९८६ च्या प्रयोगात खरी प्रतिकृती आणि संगणकाचे चित्र कॅमेऱ्याच्या काचेतून शेजारी शेजारी दाखवले, तेव्हा पाहणाऱ्यांना खरे कोणते हे ओळखता आले नाही. त्याच वर्षी जेम्स काजिया यांनी प्रकाशाचा हा सारा व्यवहार एका समीकरणात बसवला. आजची बहुतेक वास्तवदर्शी रेंडरिंग त्याच पायावर उभी आहेत. संगणक असंख्य किरण सोडतो, ते भिंतीवर, फरशीवर, छतावर आपटत जातात आणि त्यांची सरासरी म्हणजे चित्र. किरण कमी पडले तर चित्रात कण दिसतात. ते निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. रात्रभर संगणक चालू ठेवावा लागतो तो यासाठी.

म्हणजे उजेडाचे गणित प्रामाणिक असते. पण गणिताला काय द्यायचे, हे माणूस ठरवतो. खोटेपणाला वाट मिळते ती इथे.

उदाहरणार्थ, पांढरा रंग. नवा पांढरा रंगही पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्केच परत फेकतो. मॉडेलमध्ये तो आकडा १०० केला की अंधारी खोलीही उजळून निघते. दुसरे उदाहरण सूर्याचे. लंडनमध्ये २१ जूनच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवर असतो. पुण्यात तो मेच्या मध्यालाच थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये मध्यान्हीला चक्क उत्तरेकडे झुकतो. युरोपातले तिरपे, मऊ ऊन आपल्या इमारतीवर टाकले की चित्र देखणे होते. पण ते ऊन त्या गच्चीवर कधी पडणारच नसते. सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ भरायची सोय असते. ती वापरायला दोन मिनिटे लागतात.

तिसरी युक्ती कॅमेऱ्याची. खरा छायाचित्रकार भिंतीला पाठ टेकवून थांबतो; संगणकातला कॅमेरा भिंत गायब करून शेजाऱ्याच्या घरात जाऊन उभा राहतो. दहा बाय अकराची खोली मग दिवाणखान्यासारखी दिसते. पलंग थोडा लहान केला की काम पुरे होते. आणि शेजारची सात मजली इमारत, विजेचा खांब, टाक्या? त्या मॉडेलमध्ये काढल्याच नाहीत, तर त्यांची सावली कुठून पडणार!

अशा चित्राखाली बारीक अक्षरांत ‘केवळ कल्पनाचित्र’ असे लिहिलेले असते. मात्र २०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १२ असे सांगते, की जाहिरातीतील किंवा नमुना घरातील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यावी. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करावी. तरी वाद घालण्यापेक्षा आधीच विचारणे बरे. हे ऊन कोणत्या महिन्याचे, किती वाजताचे? कॅमेरा उभा आहे ती जागा घराच्या आत आहे का? पलंगाची लांबी किती? खिडकीबाहेर आज खरोखर काय आहे? चित्र करणाऱ्याला ही चारही उत्तरे ठाऊक असतात.

‘कोणते सॉफ्टवेअर शिकू?’ असे विद्यार्थी विचारतात. एक आकारासाठी, एक बांधणीसाठी शिका, असे मी सांगतो. आज्ञा आणि बटणे दर वर्षी बदलतात. पण ग्राहकाला दाखवायचे चित्र करण्याआधी मी त्यांच्याकडून दोन चित्रे करून घेतो: डिसेंबरच्या सकाळी नऊचे आणि मेच्या भर दुपारचे, शेजारच्या इमारती धरून. माझ्याकडच्या एका घराच्या अशा चित्रात आजोबांच्या खोलीत थंडीचे ऊन पोचतच नाही असे दिसले. आम्ही ती खोली आणि जिना यांची अदलाबदल केली. तोवर एकही वीट लागली नव्हती. ती दोन चित्रे कुठल्या जाहिरातीत छापली गेली नाहीत, पण त्या खोलीत आज डिसेंबरचे ऊन येते.