जाणाऱ्या पाखरांची तारीख कोण लिहिणार?

येत्या शनिवारी, ९ मे रोजी, जगभरचे पक्षीनिरीक्षक दिवसभरात दिसतील तेवढे पक्षी मोजून ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवणार आहेत. जागतिक स्थलांतरित पक्षी दिनही त्याच दिवशी आहे. बातमी वाचकांनी पाहिली असेलच. मला बोलायचं आहे ते सिंधुदुर्गाबद्दल. डिसेंबरात कुरव आणि सुरयांचे थवे पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी दुर्बिणी घेऊन मालवणला उतरतात. मे महिन्यात माणसं येतात ती आंबे, मासे आणि पॅरासेलिंगसाठी. त्यामुळे पाखरं कधी आली याच्या नोंदी थोड्याफार होतात, पण ती गेली कधी हे लिहायला किनाऱ्यावर फारसं कुणी उरलेलं नसतं.

खरं तर याच दिवसांत पाहण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. एप्रिलच्या शेवटी तोंडवळीच्या पुळणीत ओहोटीच्या वेळी उभं राहून पाहावं. ओल्या वाळूवर छोटे चिखल्या चार पावलं धावतात, थबकतात, चोच मारतात आणि पुन्हा धावतात. हिवाळाभर वाळूच्या रंगाचा असलेला हा पक्षी आता ओळखू येत नाही. छातीवर विटकरी रंग चढलेला, डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेली. हा तिबेटी सँड प्लोव्हर. वजन साठ-सत्तर ग्रॅम. त्याला आता लडाख-तिबेटच्या पठारावर, चार हजार मीटरहून उंच जागी जाऊन अंडी घालायची आहेत. त्यासाठी लागणारी चरबी तो या वाळूतले किडे आणि बारीक कुर्ल्या खाऊन साठवतो.

त्याच थव्यात काही पक्षी मात्र राखाडीच राहिलेले दिसतात. ती बहुतेक गेल्या वर्षीची पिल्लं असतात. त्यातली बरीचशी यंदा जाणारच नाहीत, पावसाळा इथेच काढतील. म्हणून ‘चिखल्या दिसले’ एवढं लिहून भागत नाही. किती होते, त्यात विटकरी किती आणि राखाडी किती, हे लिहिलं तर ती नोंद कामाची होते. जात नक्की सांगता येत नसेल तर ‘सँड प्लोव्हर, जात नक्की नाही’ असं लिहावं. त्यात कमीपणा काहीच नाही. पूर्वी ज्याला सरसकट लेसर सँड प्लोव्हर म्हणत, त्याच्या अलीकडे तिबेटी आणि सैबेरियन अशा दोन जाती झाल्या आहेत, आणि मोबाइलवरच्या फोटोवरून ॲप जे नाव सांगतं ते या गटाच्या बाबतीत मी तरी डोळे मिटून स्वीकारणार नाही.

या किनाऱ्यावरच्या नोंदींची गोष्ट मात्र ॲपच्या फार आधीची आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जी. डब्ल्यू. व्हिडाल नावाचा एक सनदी अधिकारी रत्नागिरी जिल्ह्यात होता. तेव्हा मालवण, वेंगुर्ला, देवगड सगळं त्याच जिल्ह्यात मोडत होतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. व्हिडालने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी तयार केली आणि ती १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. जवळपास शंभर पानांचा हा मजकूर. रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटिअरमधलं पक्ष्यांचं प्रकरणही त्याच्याच माहितीवर उभं आहे. आज आपल्याकडे अमुक पक्षी ‘पूर्वी होता का’ असा प्रश्न निघाला की शोध अखेर व्हिडालपाशी जाऊन पोहोचतो.

‘स्ट्रे फेदर्स’ चालवत होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक झाले तेच. देशभरातले अधिकारी, डॉक्टर, रेल्वेतले लोक त्यांना आपापल्या भागातल्या पक्ष्यांची टिपणं पाठवायचे आणि ती छापली जायची. टपालाने चालणारी ती देवाणघेवाणच होती. ह्यूम स्वतः १८७५ साली लक्षद्वीपच्या सफरीत वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर जाऊन आले आणि तिथल्या पक्ष्यांबद्दल त्यांनी लिहिलं. पण त्यांच्या मोठ्या ग्रंथासाठी वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं सिमल्याच्या घरातून रद्दीत विकली गेली. त्यानंतर त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास सोडला आणि आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. व्हिडालची यादी छापली गेली म्हणून आज वाचता येते. ह्यूम यांच्या त्या बाडांत काय काय होतं, ते कुणालाच कळणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी जाणकारांच्या वह्या आज कपाटात पडून आहेत, त्यांच्याविषयी मला वाटणारी काळजी हीच आहे.

नोंदी एकत्र आल्या की काय होतं, हे २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने दाखवलं. तीस हजारांहून जास्त निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला गेला. तरी दीर्घकाळचा कल सांगता येईल इतकी माहिती ३३८ जातींचीच मिळाली, आणि त्यातल्या ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. लांबच्या प्रवासाच्या किनारपक्ष्यांची अवस्था विशेष वाईट आहे. देवबागच्या संगमावर, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर विसावलेला थवा जेट-स्कीच्या आवाजाने दिवसातून कितीदा उठतो, हे आपण मोजलेलं नाही. प्रवासाआधीच्या दिवसांत प्रत्येक उड्डाणाचा खर्च त्या पक्ष्याने साठवलेल्या चरबीतून होतो. नोंदी नसतील तर वॉटरस्पोर्ट्सवाल्यांना ‘एवढे पंधरा दिवस हा पट्टा सोडा’ असं सांगायचं तरी कशाच्या आधारावर?

सगळंच उघड करायचं नसतं, हेही याच किनाऱ्याने शिकवलं आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या त्या खडकांवर समुद्री सुरय वीण घालतात आणि तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्या लाळेपासून घरटी बांधतात. हुमायूं अब्दुलअली यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला या दोन्ही पक्ष्यांवर मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या जर्नलमध्ये लिहिलं होतं. त्यानंतर साठ वर्षांनी, २००१च्या सुमारास, ही घरटी चोरून विकली जात असल्याचं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लक्षात आलं. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पहारे बसवण्यापर्यंत पाठपुरावा केला. ही पाकोळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: समुद्री गरुडाचं घरटं किंवा पाकोळ्यांची गुहा सापडली तर नोंद जरूर करा, पण जागा तालुक्यापुरतीच सांगा. फोटोत मागे देऊळ किंवा मोबाइलचा टॉवर दिसत असेल तर तो फोटो कुणालाही पाठवू नका.

उन्हाळ्यात पाखरं नुसती जात नाहीत, येतातही. मेच्या अखेरीस नवरंगाची दोन सुरांची शीळ आमराईत ऐकू येते. रात्री प्रवास करणारा हा पक्षी दमून एखाद्याच्या पडवीत उतरतो, आणि लोक त्याला पिंजऱ्यात ठेवायला निघतात. तसं करू नका. पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी थोडा वेळ ठेवा आणि उजाडल्यावर झाडीत सोडा. पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो. त्याच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा देशभरातल्या लोकांकडून गोळा करण्याचं काम ‘मायग्रंटवॉच’ने केलं होतं, २००७ साली बंगळुरूहून सुरू झालेल्या उपक्रमाने. आता तेच काम ‘बर्ड काउंट इंडिया’ आणि ई-बर्डवर चालतं.

माझा खरा भरवसा आहे तो रापणकरांवर आणि तांडेलांवर. बांगड्याच्या थव्यावर सुरय तुटून पडतात हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. खोल समुद्रात तरंगणाऱ्या ओंडक्यावर काळसर पाठीचा, पांढऱ्या भुवईचा सुरय बसलेला दिसला, तर तो किनाऱ्यावरून कुणालाच दिसणार नाही. तो त्यांनाच दिसतो. शाळेतल्या मुलांनी रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन ‘आज काय दिसलं, किती लांब, किती’ एवढं विचारून वहीत उतरवलं आणि शिक्षकांनी ते ई-बर्डवर चढवलं, तर दोन-तीन वर्षांत या किनाऱ्याची अशी माहिती जमेल जी कुठल्याही संस्थेला पैसे खर्चून मिळणार नाही.

तेव्हा शनिवारी ओहोटीची वेळ बघा आणि जवळच्या पुळणीवर किमान पंधरा मिनिटं थांबा. दिसलेले सगळे पक्षी लिहा, कावळे आणि घारीसुद्धा. तारीख, जागा, वेळ आणि आकडा हवाच. चिखल्या एकही दिसला नाही तरी यादी पाठवा, कारण तो गेल्याची नोंद तीच असते. आणि हे फक्त शनिवारीच नको, मे संपेपर्यंत करा. १ जूनला मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात, आणि समुद्रावरून बातमी आणणारं पुढचे दोन महिने कुणी नसतं.