कोयत्यामागचं बिऱ्हाड

दोस्तांनो, सकाळी दुधात साखर घालता ना? त्या साखरेमागे एक लांबचा प्रवास असतो!

दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं ओस पडू लागतात. मागे राहतात बहुतेक आजी-आजोबाच. बाकीचे भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्या घेऊन ट्रक-ट्रॅक्टरमधून निघतात सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात.

का जातात? पाऊस कमी, शेती कोरडवाहू, हिवाळ्यात गावात काम नाही. शिवाय मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात. ते ऊस तोडूनच फेडायचे. नवरा-बायकोच्या जोडीला तर नावच पडलंय ‘कोयता’!

यामुळे कारखान्यांची धुराडी पेटतात, घरात चार पैसे येतात. पण पाच-सहा महिने कोपीत राहणाऱ्या मुलांच्या शाळेचं काय? ती ऐन वर्षात सुटते. थोरली ताई धाकट्याला सांभाळत बसते. म्हणून कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावांत हंगामी वसतिगृहं आली. तरीही सगळीच मुलं तिथवर पोचत नाहीत.

असा एखादा मित्र तुमच्या वर्गात परत आला, तर त्याला आपली वही द्याल ना?