रडायचे कुणासाठी?

हिटलरच्या काळातील ज्यूंच्या प्रेमकथा वाचताना डोळे भरून येतात. फैजपूरला माझ्या वर्गातील मुलामुलींचेही तेच होते. पण या रडण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मला छळतो.

१५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि जर्मन यांच्या विवाहांवर बंदी घातली. कारण काय, तर रक्ताची शुद्धता! हे कारण आपल्याला नवे आहे काय? महिनाभरातच, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पुढच्याच वर्षी जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून मांडला.

जर्मनीत बंदी कायद्याची होती. तरीही १९४३ साली अटकेतल्या ज्यू नवऱ्यांसाठी बर्लिनच्या रोझेनश्ट्रासे या रस्त्यावर बायका दिवसच्या दिवस उभ्या राहिल्या. बहुतेकांचे नवरे सुटून घरी आले.

आपल्याकडे १९४९ पासून कायदा आंतरजातीय विवाहाच्या बाजूने आहे. बंदी आहे ती गावाची. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचे प्रेम आहे, एवढा संशय पुरला. पुढे साक्षीदार फितूर झाले. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

म्हणून पुस्तक मिटल्यावर मी वर्गाला विचारतो, ‘तुम्ही साक्षीला उभे राहिला असता काय?’ वर्ग गप्प होतो. पहिले उत्तर मलाच द्यायचे आहे, हे मला ठाऊक आहे.